ई म्हणजे तज्ज्ञ

आमच्या मिरजेच्या घरात 'मला हे येतं' असं म्हणायची पद्धत नव्हती. आई पंचवीस माणसांचा पुरणपोळीचा स्वयंपाक एकटीनं करायची आणि वाढताना म्हणायची, "या वेळी पुरण जरा सैल झालंय हं, गोड मानून घ्या." पुरण सैल झालेलं नसायचं. पाहुण्यांनाही ते ठाऊक असायचं, आणि "छे छे, काहीतरीच काय" हे त्यांचं उत्तरही ठरलेलं असायचं. शेजारच्या गल्लीत तंबोरे करणारे एक आजोबा राहायचे. लांबलांबून गवई त्यांच्याकडे जवारी लावून घ्यायला यायचे. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "वडिलांनी दाखवलं तेवढं करतो." बढाई मारणाऱ्याला समर्थांनी मूर्खांच्या यादीत बसवलंय, हे शाळेत पाठ व्हायच्या आधीच आमच्या अंगात मुरलेलं होतं.

अशा घरातून आलेली मी २०२४ च्या जूनमध्ये अमेरिकी केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञाच्या जागेसाठी ऑनलाइन अर्ज भरायला बसले. त्याच वसंतात नागरिकत्वाची शपथ झाली होती. (या नोकऱ्यांना बहुतेक ठिकाणी नागरिकत्व लागतं, त्यामुळे इतकी वर्षं त्या वाटेला जाता आलं नव्हतं.) रेझ्युमे चढवला, पदव्यांचे कागद चढवले, आणि मग ती प्रश्नावली आली. तुमच्यापैकी ज्यांनी असे अर्ज भरलेत त्यांना ती पाठ असेल. एकेक काम दिलेलं असतं, आणि त्यापुढे पाच पर्याय. ए म्हणजे या कामाचं शिक्षण नाही, अनुभव नाही. बी म्हणजे शिकले आहे, केलेलं नाही. सी म्हणजे केलंय, पण कुणाच्या तरी देखरेखीखाली. डी म्हणजे नेहमी करते, स्वतंत्रपणे करते. आणि ई म्हणजे मी या कामातली तज्ज्ञ समजली जाते: इतरांच्या या कामावर मी देखरेख केली आहे, किंवा अडलं की लोक सहसा मलाच विचारायला येतात.

पस्तीसेक प्रश्न होते. मी दोन संध्याकाळी घालवल्या. पिण्याच्या पाण्यातली पीफास रसायनं मोजणं हे माझं काम. 'कायमची रसायनं' म्हणून हल्ली वर्तमानपत्रांत येतात तीच ही. २०२४ च्या एप्रिलमध्ये इथल्या पर्यावरण संस्थेनं त्यांतल्या दोन मुख्य रसायनांसाठी लिटरला चार नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतले चार. इतकं बारीक मोजणाऱ्या माणसाला प्रत्येक आकड्याबरोबर 'यात चूक किती असू शकेल' हे लिहायची सवय लागते. त्याच सवयीनं मी स्वतःला मोजलं. बरेचसे डी, आठनऊ सी, दोन ठिकाणी ई. एका प्रश्नाला बी दिला, कारण ते यंत्र मी फक्त एका कार्यशाळेत पाहिलं होतं. प्रामाणिकपणाचं एक समाधान असतं ना, तसं काहीसं वाटलं.

तीन आठवड्यांनी ईमेल आलं. पात्र आहात, पण निवड करणाऱ्या अधिकाऱ्याकडे नाव पाठवलेलं नाही.

माझ्या मोठ्या नणंदेनं सरकारी खात्यात पंधरा वर्षं काढली आहेत. त्यांना फोन केला तर त्या हसायलाच लागल्या. "अगं, सी कशाला लिहिलंस? सगळीकडे ई लिहायचं असतं. वरची फळी गाठली नाही तर तुझा रेझ्युमे कुणी उघडूनसुद्धा बघत नाही." मी म्हटलं, "ताई, पण शेवटी सही करतो ना आपण, सगळं खरं आहे म्हणून? खोटं निघालं तर दंड, तुरुंग असंही लिहिलंय." त्या म्हणाल्या, "रेझ्युमेमध्ये त्या कामाचा उल्लेख कुठेतरी असला म्हणजे झालं. हे सगळ्यांना माहीत असतं गं."

सप्टेंबरात दुसऱ्या एका प्रयोगशाळेची जागा निघाली. पस्तीसपैकी बत्तीस ठिकाणी मी ई लिहिला. वीस मिनिटं लागली. 'सर्वाधिक पात्र' गटात नाव गेलं आणि पुढे पाठवलंही गेलं.

आता यात खोटं काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. तुळशीबागेत दुकानदार 'पाचशे' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्या आकड्याचा अर्थ 'इथून सुरुवात करा' असा आहे, हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. शब्दाचा अर्थ कोशात नसतो, व्यवहारात असतो. तसंच इथे. ई चा कोशातला अर्थ 'तज्ज्ञ' असेल, पण व्यवहारातला अर्थ 'माझा रेझ्युमे उघडा' असा झाला असेल, तर ई लिहून मी नेमकं कुणाला फसवलं? उलट तिथे डी लिहिणं हीच चुकीची माहिती, कारण वाचणारा त्याचा अर्थ 'हिला विशेष येत नाही' असा घेणार. खरं सांगायचं तर माझे जूनमधले काही सी तरी कुठे खरे होते? ज्या कामावर माझा प्रबंध उभा आहे त्यालाही मी 'देखरेखीखाली' लिहिलं होतं, कारण मार्गदर्शक होते म्हणून. ती आईची पुरणपोळी होती. नम्रता ही प्रामाणिकपणाची सख्खी बहीण आहे असं आपण धरून चालतो. पण तीही कधीकधी दिसण्यासाठीच असते.

कांटचा प्रश्न पदवीच्या वर्गात सगळ्यांनी ऐकलेला असतो: सगळेच असं वागले तर? सगळ्यांनीच खोटी वचनं दिली तर वचन या गोष्टीलाच अर्थ उरणार नाही, म्हणून देऊ नये. पण आपल्या पिढीची अडचण वेगळी आहे. सगळे तसं वागू लागले आहेत, शब्दाचा अर्थ जायचा तो गेला आहे, आणि आपण नंतर आलो आहोत. या परिस्थितीत एकटीनं जुन्या अर्थाला धरून बसणं याला सत्य म्हणायचं की हट्ट? नणंदेशी बोलले त्या रात्री माझं उत्तर होतं, हट्ट.

१९८४ साली 'जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी'मध्ये एक शोधनिबंध आला होता. अशाच प्रश्नावलीत संशोधकांनी काही कामं मुद्दाम घुसडली, जी जगात अस्तित्वातच नाहीत. भारदस्त नावाची, पण निव्वळ बनावट. निम्म्याच्या आसपास उमेदवारांनी त्यांतल्या एखाद्या तरी कामाचा अनुभव असल्याचं सांगितलं. हा निबंध वाचताना मला हसू आलं नाही, कारण ही युक्ती माझ्या रोजच्या कामातली आहे. आम्ही याला ब्लँक म्हणतो. नमुन्यांच्या रांगेत मध्येमध्ये अतिशुद्ध पाणी ठेवायचं. त्यातही यंत्राला रसायन दिसू लागलं तर समजायचं की रसायन पाण्यात नाही, यंत्रातच आहे, आणि त्या दिवसाचे सगळे आकडे बाजूला ठेवायचे. कुठल्याही यंत्राला स्वतःचं प्रमाणपत्र स्वतः द्यायला आम्ही लावत नाही. माणसाला मात्र पहिल्या पायरीवर तेवढंच विचारतो.

ही पद्धत कुणा दुष्टानं काढलेली नाही, हेही सांगायला हवं. १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा माणूस सरकारी पद न मिळाल्यानं चिडलेला होता. तोवर निवडणूक जिंकणाऱ्यानं नोकऱ्या आपल्या माणसांत वाटायच्या अशीच रीत होती. १८८३ च्या पेंडल्टन कायद्यानं गुणवत्तेवर भरती सुरू झाली. कुणाची चिठ्ठी नको, कुणाचा वशिला नको, सगळ्यांना सारखेच प्रश्न, हे त्यामागचं तत्त्व. अलीकडेपर्यंत अर्जाबरोबरच आपल्या कौशल्यांवर लांबलचक निबंध लिहावे लागत. २०१० मध्ये ओबामांच्या आदेशानं पहिल्या पायरीवरचे ते निबंध गेले आणि पर्यायांवर टिचक्या मारण्याचं महत्त्व वाढलं. मग २०२० मध्ये ट्रम्प यांचा आदेश निघाला की नुसत्या स्वमूल्यांकनावर विसंबू नका, आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याच रोखाचा कायदाही झाला. म्हणजे दुखणं काय आहे हे वरच्यांनाही केव्हाच कळलेलं होतं. पण ज्या देशातून मी आले तिथे 'साहेबांशी बोलून ठेवलंय' या एका वाक्यानं किती जणांचे अर्ज तळाशी गेलेले पाहिलेत, ते आठवलं की या प्रश्नावलीला एकदम नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ज्याची शिफारस करायला कुणी नाही, त्याला निदान स्वतःबद्दल बोलायची तरी जागा इथे आहे. नम्रता परवडते ती ज्यांच्याबद्दल बोलणारं दुसरं कुणीतरी असतं त्यांना. तंबोरेवाल्या आजोबांबद्दल गवई बोलत होते. आईबद्दल पंगत बोलत होती.

इथवर माझा हिशेब जुळत होता. तो बिघडला आमच्या मास्तरांमुळे.

मास्तर हे माझं मनातलं नाव. ते आमच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, वय एकसष्ट, वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यातले, शिक्षण दोन वर्षांच्या पदविकेपर्यंत. मी पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा पहिले सहा महिने यंत्राजवळ मला त्यांनीच उभं केलं. आमचं अनुदान मार्चमध्ये संपणार होतं. मेडिकेअर पासष्टला लागू होतं, म्हणजे तोवर चार वर्षं आरोग्यविम्यासाठी नोकरी हवीच. मी अर्ज केला त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञाचीही एक जागा निघाली होती. त्यांनी तिथे अर्ज केला होता. दोन्ही प्रश्नावल्यांतले निम्मे प्रश्न शब्दशः सारखे.

अर्ज पाठवून तीन आठवडे झाले असतील. आमच्या ब्लँकमध्ये रसायन दिसायला लागलं. शुद्ध पाण्यात, लिटरला सहासात नॅनोग्रॅम. म्हणजे एका गावाचं स्वच्छ पाणीही आमच्या यंत्रानं मर्यादेबाहेर ठरवलं असतं. मी दोन दिवस झटले. पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, कॉलम बदलला. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांकडे गेले. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि एकच विचारलं, "गेल्या आठवड्यात काय बदललं?" विद्यार्थ्यानं द्रावणाची एक नळी बदलली होती. नवी नळी टेफ्लॉनची होती. टेफ्लॉन याच कुळातलं, आणि त्यातून हीच रसायनं थोडी थोडी झिरपतात, हे मला पुस्तकातून पक्कं ठाऊक होतं. नळीकडे बघायचं मात्र मला सुचलं नव्हतं. दुपारपर्यंत ब्लँक साफ झाला.

हात धुताना एकदम आठवलं. 'यंत्रातील दूषणाचा स्रोत शोधणे' असा एक प्रश्न होता आणि त्यापुढे मी ई लिहिला होता. अडलं की लोक मलाच विचारायला येतात.

जेवणाच्या वेळी मी सहज वाटेल असं विचारलं, तुमच्या अर्जाचं काय झालं? ते म्हणाले, नाव पुढे गेलं नाही. त्या प्रश्नाला काय लिहिलं होतं? "डी. मी नेहमी करतो, एकटा करतो. तज्ज्ञ म्हणजे कंपनीचा इंजिनिअर. मी कसला तज्ज्ञ?" वडिलांनी दाखवलं तेवढं करतो, हे वाक्य मी वेस्ट व्हर्जिनियाच्या इंग्रजीत ऐकत होते.

तुळशीबागेचा दाखला कुठे लंगडा पडतो ते मला तेव्हा कळलं. 'पाचशे'चा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो म्हणून तो व्यवहार आहे. ज्याला ठाऊक नाही असा परगावचा माणूस खरोखरच पाचशे मोजून जातो, आणि त्याच्या पाठीमागे आपण हसतो. ई चा व्यवहारातला अर्थ 'सगळ्यांना' माहीत नव्हता. ज्यांच्या घरात, नात्यात, ओळखीत असे अर्ज भरणारे आहेत, त्यांना तो माहीत होता. मला एका फोनवर कळला. चिठ्ठी नको म्हणून जी पद्धत काढली, तिच्यात शिरायला शेवटी नणंदेचा फोन लागला, म्हणजे चिठ्ठी निराळ्या कागदावर आलीच की. आणि माझे बत्तीस ई कुणालाच लागले नाहीत असंही नाही. वेगळ्या जागेसाठी असेनात का, पण ई चा भाव अशा ढिगांनीच पडत जातो आणि मास्तरांचा डी तळाला जातो. त्यांचं नाव मी गाळलं नाही. ज्या चाळणीनं गाळलं, तिची भोकं माझ्यासारख्यांनी मोठी केली.

महाभारतात कर्णपर्वात एक प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात परततो आणि कर्णाला न मारताच भेटायला आलेल्या अर्जुनाला टाकून बोलतो: तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. असं म्हणणाऱ्याचा वध करीन अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा असते. तो तलवार उपसतो. कृष्ण तोड काढतो: वडीलधाऱ्याला 'तू' म्हणून अपमान कर, तोच त्याचा वध. अर्जुन तसं करतो आणि मग पश्चात्तापानं स्वतःच्याच जिवावर उठतो. त्यावरही कृष्णाकडे तोड असते: स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती कर, ती आत्महत्येसारखीच आहे. आणि अर्जुन सांगू लागतो की शंकर सोडला तर माझ्यासारखा धनुर्धर नाही.

मला यातली एक गोष्ट नेहमी अडते. अर्जुन जे सांगतो ते खरं असतं. त्याच्याइतक्या हक्कानं ई लिहिणारा दुसरा कुणी नाही. तरी व्यास त्याला मरण म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, हा नम्रतेचा धडा. आता तसं वाटत नाही. सप्टेंबरातल्या त्या वीस मिनिटांत मी प्रत्येक कामापुढे क्षणभर थांबून 'हे मला खरंच कितपत येतं' असं स्वतःला विचारलं नव्हतं. जूनमध्ये विचारलं होतं, चुकत का होईना. ब्लँक खराब झाला तेव्हा दोन दिवस मी मास्तरांकडे का गेले नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. एरवी दुसऱ्या तासाला गेले असते. बत्तीस ई लिहिले होते म्हणूनच गेले नाही, असं शपथेवर सांगता येणार नाही. पण नाही असंही सांगता येत नाही.

नोव्हेंबरात मुलाखत झाली. तिघे जण होते. एकीनं विचारलं, दूषणाचा शोध घ्यावा लागला असा एखादा अवघड प्रसंग सांगा. मी नळीचा प्रसंग सांगितला, सविस्तर. "आणि मग आम्हाला नळी सापडली," असं म्हटलं. आम्हाला. ब्लँक माझा, प्रयोगशाळा आमची, सापडली तेव्हा मी तिथेच उभी होते. त्या 'आम्हाला'त खोटं काही नव्हतं. 'नरो वा कुंजरो वा'तही नव्हतं. युधिष्ठिराचा रथ जमिनीवरून चार बोटं वर चालायचा तो त्या वाक्यानंतर खाली टेकला म्हणतात. माझी गाडी आधीच जमिनीवर होती, त्यामुळे काही जाणवलं नाही. नागरिकत्वाच्या शपथेच्या शेवटी मनात काही राखून न ठेवता ती घेत असल्याचं म्हणावं लागतं. ते म्हणताना माझे डोळे भरून आले होते, हे मात्र गाडी चालवताना आठवलं.

त्याच आठवड्यात आणखी एका ठिकाणी तंत्रज्ञाची जागा निघाली. मी मास्तरांना म्हटलं, अर्ज आपण दोघं मिळून भरू. आधी ते नको म्हणाले. मग मी त्यांना माझे बत्तीस ई सांगितले, आणि 'आम्हाला'ही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं "हं" म्हटलं आणि खुर्ची ओढली.

मी ई ची व्याख्या मोठ्यानं वाचली. इंजिनिअरचं नाव त्यात कुठेच नव्हतं. अडलं की लोक विचारायला येतात का, एवढाच प्रश्न होता. "मी आले होते," मी म्हटलं, "ऑक्टोबरात. त्याआधी तो कोरियन पोस्टडॉक यायचा. आणि गेल्या वर्षी शेजारच्या प्रयोगशाळेतून दोघं." प्रत्येक प्रश्नाला असंच केलं: कोण आलं, कधी आलं, काय अडलं होतं. सापडलं तर ई, नाही तर नाही, आणि सापडलं ते रेझ्युमेतही लिहायचं. चार तास लागले. एकदा ते उठून जुनी वही घेऊन आले, तारीख तपासायला. तज्ज्ञ हा शब्द त्यांना शेवटपर्यंत आवडला नाही. पण "लोक येतात, हे खरं आहे" असं म्हणत त्यांनी एकेक ई लिहू दिला.

पुढे जानेवारीत नव्या सरकारनं केंद्रातली भरतीच थांबवली, तेव्हा त्यांच्या अर्जाचं आणि माझ्या मुलाखतीचं काय व्हायचं ते तिथेच राहिलं.

त्या रात्री एकच प्रश्न उरला होता: निर्वात पंपाची दुरुस्ती. मी म्हटलं, पंप बंद पडला की सगळे तुमच्याकडेच येतात, हाही ई. मास्तरांनी मान हलवली. "येतात. आणि मी इंजिनिअरला फोन करतो. पंप मी कधी उघडलेला नाही." म्हणून त्यापुढे त्यांनी बी लिहिला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पाठवायचं बटण दाबलं.